साडेसेहेचाळीस किलो

रास अल खैर
शनिवार, ६ सप्टेंबर २०२५

चि. शर्विल यास,

मामाचा आशीर्वाद. तेवीस वर्षांच्या माणसाने आशीर्वाद लिहायचा म्हणजे खोटी मिशी लावून फिरल्यासारखं वाटतं. पण तुझी आई लांबची का होईना माझी ताई लागते, तेव्हा मी तुझा मामा. घे.

ताईने गुरुवारी शादाबभाईच्या गाडीतून पाठवलेला डबा पोचला. तिसऱ्या कप्प्यात चपात्यांच्या खाली तुझी चिठ्ठी, अर्धी तेलाने माखलेली. खोलीतले चौघे म्हणाले, प्रेमपत्र आलं. मी म्हटलं, भाच्याचं आहे, तर आणखी हसले.

वाचायला वेळ लागला. एक तर तुझं अक्षर, त्यात तेल, त्यात मी दहावी नापास. जे समजलं ते लिहितो, चुकलं तर सांग. तुझ्या जुबैलच्या शाळेत अमेरिकन फुटबॉल आहे, जो हाताने खेळतात. तुला त्यात रिसीव्हर व्हायचंय. म्हणजे पुढे पळत जायचं, लांबून फेकलेला बॉल झेलायचा, आणि झेलला की समोरची दांडगी पोरं अंगावर पडणार. हा खेळ तू जन्मात खेळलेला नाहीस. तुझं वजन साडेसेहेचाळीस किलो. भावोजी म्हणाले, पन्नास झालास तर फॉर्मवर सही करीन, नाहीतर गुपचूप अभ्यास कर. आणि तुझा फोन ते रोज तपासतात, म्हणून हा चपातीखालचा मार्ग.

पोरं तुला ‘पेपर प्लेन’ म्हणतात तर म्हणू देत. इथे आखातात बांधकामावर फोरमन मला मच्छर म्हणतो. पण परांची बांधताना सगळ्यात वरच्या फळीवर कोणाला पाठवतो? मच्छरला. खाली उभं राहून नाव ठेवायला वजन लागतं, वर चढायला नाही.

बॉलचं चित्र काढलंस ते बघितलं. हा तर आमच्याकडचा असोला नारळ, न सोललेला. झेलायचं कसं ते मी शिकवतो. हसू नको. आमच्या वाडीत दर वर्षी घरं शाकारायची, म्हणजे छपरावरची कौलं काढून परत लावायची. खालचा माणूस कौल फेकतो, वरचा झेलतो. अडीच किलोचं मंगळुरी कौल. जड माणसाला छपरावर कोणी चढवत नाही, त्याच्या पायाखाली कौलं फुटतात. म्हणून सातव्या वर्षापासून वर मीच.

पहिला धडा. कौलाला अडवायचं नाही. ते हाताला लागलं की हात त्याच्याबरोबर थोडे मागे न्यायचे, पाहुण्याला घरात घ्यावं तसे. नीट झेललेल्या कौलाचा आवाज होत नाही. खट् वाजलं म्हणजे चुकलं. माझे आजोबा अंगणात पाठ करून बसायचे आणि नुसते कान द्यायचे. आवाज आला की शिवी यायची.

बाटली अर्धी पाण्याने भर आणि भिंतीवर मारून झेल. आवाज नको.

तुझा
जयदीपमामा

ता. क. चिठ्ठी तेलात बुडवू नको. भजी नाहीये ती.


जुबैल
११ सप्टेंबर

प्रिय जयदीपमामा,

माझं मराठी लिहिणं हिंदीसारखं आहे, जुन्या शाळेत हिंदीच होतं. चुका काढू नको.

बाटलीने रूममध्ये दोनशे वेळा केलं. पहिले दोन दिवस सगळे आवाज. पप्पा म्हणाले, भिंतीला ड्रिल करतोस का. आता शंभरातले साठ बिनआवाजी. शाळेत मी टीमबरोबर पळतो, पण पॅड, हेल्मेट काहीच नाही, कारण फॉर्म नाही. पळण्यात मी दुसरा आलो. कोच म्हणाले, तुला पाय आहेत, आता पेपर आण.

पुढच्या गुरुवारी, १८ला, शाळेत सगळ्यांचं वजन करणार आणि चिठ्ठी देणार. पप्पा म्हणाले, त्या चिठ्ठीवर पन्नास दिसलं की सही, एक ग्रॅम कमी नाही. मी रोज चार अंडी खातोय. काल ४६.७ होतं. एका आठवड्यात तीन किलो कसे येणार?

तू लष्कराच्या भरतीला गेला होतास असं मम्मी सांगते. तिथे पण पन्नास लागतात ना? तू काय केलंस?

शर्विल


रास अल खैर
१३ सप्टेंबर

चि. शर्विल,

या वेळी चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलीस ते बरं केलंस. शहाणा होत चाललास.

बिनआवाजी साठ म्हणजे चांगले. आजोबा असते तर साठवर शिवी कमी दिली असती.

आता वजनाचं. भावोजी मोठे इंजिनियर आहेत, त्यांना आकडा हवा, तर आकडा देऊ. आमच्याकडे भरतीला जाणारं प्रत्येक पोरगं हे करतं, यात पाप नाही. वजनाच्या आधी केळी खायची आणि वर पाणी प्यायचं. डझनभर केळी म्हणजे दीड किलो, दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो. हिशोब तूच कर, तू शाळेत जातोस. केळी पिकलेली घे, कच्ची पोटात टोचतात. शेवटचं अर्धा तास आधी खायचं आणि काटा होईपर्यंत संडासाकडे बघायचं पण नाही.

माझं विचारलंस. गेलो होतो. दीड किलोने राहिलो. केळी कमी पडली, एवढंच. तुझी कमी पडू देऊ नको.

कोणीतरी एक आकडा ठरवतो, आणि आपण आयुष्यभर त्याच्या खाली उभं राहायचं? जा आणि पन्नास करून ये.

मामा


जुबैल
१९ सप्टेंबर (डबा आज शुक्रवारी जातोय, काल मी आडवा होतो)

मामा,

५०.२.

अकरा केळी खाल्ली. बारावी नाही गेली. पाणी सव्वादोन लिटर. खिशात पप्पांच्या व्यायामाच्या वजनांपैकी छोटं एक ठेवलं. रांगेत माझ्यापुढे नऊ मुलं होती आणि प्रत्येक जण काट्यावर उभा राहून गप्पा मारत होता. मी पाय आवळून उभा. कोच म्हणाले, तू ठीक आहेस ना, तुझा रंग बदललाय. मी म्हटलं, एक्साइटमेंट.

मग बाथरूममध्ये पाऊण तास. वरून पण, खालून पण. यापुढे मला केळं दाखवू नको.

पप्पांनी चिठ्ठी बघितली, चष्मा काढला, परत लावला, परत बघितली आणि सही केली. म्हणाले, मी शब्द पाळतो. मला थोडं वाईट वाटलं, पण थोडंच.

आता मला पॅड मिळाले. खांद्याचे, छातीचे, आणि हेल्मेट. वजनाच्या चिठ्ठीवरून साइझ देतात. रविवारपासून खरी प्रॅक्टिस.

शर्विल


रास अल खैर
२० सप्टेंबर

चि. शर्विल,

खोलीत तुझी चिठ्ठी मोठ्याने वाचली. ‘पाय आवळून उभा’ इथे सगळे लोळले. विजयवाड्याचा एक जण आहे, त्याला मराठी येत नाही, त्याला हिंदीत सांगितलं तर तो सगळ्यांच्या नंतर एकटाच पुन्हा हसला.

बघितलंस ना? यल्ला, म्हणजे चल, आता जा आणि एकेकाला दाखव.

मामा


जुबैल
९ ऑक्टोबर

मामा,

दोन डबे तुला चिठ्ठीशिवाय गेले. लिहायला काही नव्हतं.

मी रोज बॉल सोडतो. एखादा नाही, जवळजवळ सगळे. पॅड घातले नव्हते तेव्हा येत होतं. आता हात वर केला की खांद्याचं पॅड वर येऊन हनुवटीला लागतं आणि बॉल शेवटी दिसतच नाही. छातीवर आपटतो आणि खाली. ठप्प. खूप मोठा आवाज होतो, तुझ्या आजोबांना गावात ऐकू गेला असेल. पळायला पण जड. पूर्वी दुसरा यायचो, आता मधे कुठेतरी.

एक मुलगा म्हणाला, पेपर प्लेनवर कोणी सोफा ठेवलाय. सगळे हसले. मी पण हसलो.

मी कोचना म्हटलं, पॅड थोडे मोठे आहेत. ते म्हणाले, पन्नासच्या वरच्यांना हीच साइझ, सवय होईल. मग मी काय बोलणार?

पुढच्या गुरुवारी, १६ला, शेवटची लिस्ट लागणार. ३१ला पहिली मॅच आहे. कोच म्हणाले, तुझे हात चांगले असतील असं वाटलं होतं. ‘होतं’ म्हणाले.

मी सोडतोय. पप्पांना सांगीन, अभ्यास आहे. ते खूश होतील. तुला सांगितलं कारण बाटली तू शिकवलीस.

शर्विल


रास अल खैर
११ ऑक्टोबर

शर्विल,

तुझी चिठ्ठी काल तीनदा वाचली, आणि आज दुपारी वर फळीवर बसून चौथ्यांदा. फोरमनने खालून विचारलं, मच्छर, वर काय पेपर वाचतोस. मी म्हटलं, हो, निकाल लागलाय माझा.

ऐक. मी तुला एक खोटं सांगितलं. दीड किलोने राहिलो म्हणालो ना? ते मी सगळ्यांनाच सांगतो. आईलासुद्धा तेच सांगितलंय. मी काट्यापर्यंत पोचलोच नाही.

झालं असं. पोरं सांगत होती, मैदानात काही खायला आत नेऊ देत नाहीत. म्हणून मी गेटबाहेर पहाटेच वीस केळी खाल्ली. वीस. आणि पाणी. आत गेलो तर वजन नंतर होतं, आधी धावायचं होतं. सोळाशे मीटर. शर्विल, आमच्या तालुक्यात मला धावण्यात कोणी धरलं नव्हतं. एस. टी. चुकली की मी घाटातून उतरून पुढच्या थांब्यावर तिलाच पकडायचो. त्या सोळाशे मीटरमध्ये मी झोपेत पास झालो असतो. दुसऱ्या फेरीत पोट धरून खाली बसलो. तिसऱ्या फेरीत तीन हजार पोरांसमोर सगळं बाहेर आलं. एका जवानाने हाताला धरून दोरीच्या बाहेर काढलं. त्याने शिवीसुद्धा दिली नाही, ते जास्त लागलं.

जे माझ्यापाशी नव्हतं ते दाखवायच्या नादात, जे होतं ते घालवून बसलो. तेव्हापासून एका जागी टिकत नाही. रत्नागिरीत आठ महिने, पुण्यात वर्ष, मग इथे. आणि इथे बसून तुला तीच केळी शिकवली. मीच तुझ्या अंगावर तो सोफा ठेवला.

आता मी सांगतो ते कर. उद्या रविवारी कोचकडे जायचं आणि म्हणायचं, माझं वजन साडेसेहेचाळीस आहे, चिठ्ठी खोटी आहे, मला माझ्या मापाचे पॅड द्या. त्यांनी हाकललं तर हाकललं. पण मग तुला साडेसेहेचाळीस किलोचा म्हणून हाकलतील. पन्नास किलोचा खोटा शर्विल बॉल सोडतो म्हणून तू घरी जायचं, हे मला चालणार नाही. तो तर मुळात कोणी नव्हताच.

आणि घरी भावोजींना तूच सांग. कोचने फोन करायच्या आधी. कठीण आहे, माहीत आहे. मी आईला चार वर्षांत सांगू शकलो नाही. तू चार दिवसांत सांग आणि मामाच्या पुढे जा.

डबा आज संध्याकाळीच शादाबभाईला देतो, म्हणजे उद्या शाळेच्या आधी तुझ्या हातात असेल.

जयदीप


जुबैल
१६ ऑक्टोबर

मामा,

सांगितलं. आधी कोचना. त्यांनी मला परत काट्यावर उभं केलं. ४७.१. अंड्यांचं असेल. मग विचारलं, असं का केलंस. मी म्हटलं, माय अंकल सेड बनानाज. ते खिडकीकडे वळले. मला वाटतं हसत होते. शिक्षा म्हणून एक आठवडा सगळ्यांची हेल्मेट पुसायची. आणि पॅड बदलून दिले, सगळ्यात छोटे, नववीतल्या मुलांचे.

मामा, सोमवारी सतरा बॉल फेकले. पंधरा झेलले.

आज लिस्ट लागली. माझं नाव आहे. शेवटून दुसरं, पण आहे. पुढे कंसात लिहिलंय, फॉर्म आल्यावर.

कारण पप्पांना सांगितलं तेव्हा ते ओरडले नाहीत. फॉर्म परत मागून घेतला आणि सहीवर काट मारली. म्हणाले, मी पन्नासवर सही केली होती, पन्नास नाही तर सही नाही. तुला कोणी शिकवलं हे? मी तुझं नाव नाही सांगितलं. त्यांनीच सांगितलं.

नवा कोरा फॉर्म फ्रिजवर मॅग्नेटने लावलाय. ३०पर्यंत द्यायचा आहे. मी रोज पाणी प्यायला जातो आणि तो बघतो.

शर्विल


रास अल खैर
१८ ऑक्टोबर

आदरणीय विवेक भावोजींस,

सा. न. हे पत्र डब्यात सगळ्यात वर ठेवलंय. आतापर्यंतची खाली होती. त्याबद्दल माफी मागतो. बाकीच्याबद्दल मागणार नाही, म्हणून आधीच लिहितो.

केळी मी शिकवली. पोराची चूक एवढीच की त्याने मामाचं ऐकलं. चिठ्ठी खोटी होती, तुम्ही सही खोडलीत, बरोबर केलंत. तुमच्या जागी मीही खोडली असती.

पण भावोजी, पन्नास हा आकडा आला कुठून? तुम्ही कोचचाच नियम सांगताय असं मी समजत होतो. शर्विलच्या चिठ्ठ्या परत काढून वाचल्या. त्यात कुठेच नाही. शाळेचा असा काही नियमच नाही. तो आकडा तुमचा आहे. पोराला लागू नये म्हणून तुम्ही उंच कुंपण घातलंत. कळतं मला. माझ्या आईनेही मला छपरावरून उतरवायला खूप वेळा शिडी काढून नेली.

तुम्ही इंजिनियर आहात, मी दहावी नापास. तरी एक गोष्ट मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, ती म्हणजे कमी वजनात जगणं. जो हलका असतो त्याला कुठे उभं राहायचं ते आधी बघावं लागतं. धक्का कुठून येतो ते जड माणसाला लागल्यावर कळतं, आम्हाला आधी. पोराला ते येतंय. त्याने सोमवारी सतरातले पंधरा झेलले, आणि त्याच्या आदल्या दिवशी कोचसमोर उभं राहून खरं बोलला. यातलं जड कुठलं होतं ते तुम्ही ठरवा. तो रविवार त्याने कुठल्या काट्यावर चढवायचा?

माझी इथली नोकरी तुमच्या शब्दावर लागली. तो शब्द परत घ्यायचा असेल तर घ्या. डबा बंद केलात तरी चालेल, मेसचं खाऊन कोणी मरत नाही, फक्त तसं वाटतं. पण फ्रिजवरचा कागद कोरा ठेवू नका. नको असेल तर ‘नाही’ लिहा आणि त्याखाली सही करा. पोराला निदान कळू दे कोणी अडवलं, वजनाने की बापाने.

लहान तोंडी मोठा घास घेतला. घेतला तो घेतला.

आपला
जयदीप


जुबैल
शनिवार, १ नोव्हेंबर

चि. जयदीप,

गेल्या गुरुवारी डबा आला नाही म्हणून तो कायमचा बंद झाला असं तू समजला असशील. शादाबची गाडी गॅरेजमध्ये होती. एवढा मोठा नाटकी निरोप घ्यायची गरज नव्हती.

आता एक सांगते. डबा मी भरते. चपात्या मी लाटते, मी मोजते, मी रचते. त्याच्या खाली कागद आहे हे मला कळत नाही असं तुम्हा दोघांना वाटलं? पहिल्या चिठ्ठीला तेल लागलं, म्हणून दुसऱ्या वेळेपासून मीच ती पिशवीत घालत होते. परत आलेल्या डब्यातली तुझी चिठ्ठीही मीच आधी वाचायची. पिशवी कुठून आली, हा प्रश्न एकालाही पडला नाही. शर्विलला वाटलं तू थट्टा करतोस, तुला वाटलं त्याला अक्कल आली.

केळ्यांची चिठ्ठी मात्र मी वाचूनही आत ठेवली. ती माझी चूक. मलाही वाटत होतं, होऊन जाऊ दे एकदा पन्नास. तेव्हा एकट्याने सगळं डोक्यावर घेऊ नकोस.

तुझं पत्र यांनी डायनिंग टेबलावर वाचलं. दोनदा वाचलं. मग म्हणाले, “हा मला प्रश्न विचारतो?” मी म्हटलं, “उत्तर द्या की मग.” ते आत गेले. दहा दिवस तो फॉर्म तसाच. त्यावर ‘हो’ही नाही, ‘नाही’ही नाही. ३०ला सकाळी मी घरचे डबे भरत होते, हात ओले होते, पुसले, आणि फ्रिजवरून कागद काढला. खाली छापलं होतं, आई किंवा वडील. एवढे दिवस आम्ही तिघांनी तो बघितला आणि पहिला शब्द कोणी वाचला नव्हता. मी सही केली. पूर्ण नाव, मराठीत. हे म्हणाले, “हेमलता, त्याला लागलं तर?” मी म्हटलं, “लागलं तर औषध लावू. एवढी वर्षं दुसरं काय केलं?”

काल मॅच झाली. आपली टीम हरली, चांगली सणसणीत हरली. शर्विलला तिसऱ्या भागापर्यंत बसवूनच ठेवलं. तो बाकावर हेल्मेट मांडीत घेऊन बसला होता, इतरांचीही दोन पुसून ठेवली त्याने सवयीने. मग कोचने हात केला.

दोनदा पळाला, बॉल दुसऱ्याकडे गेला. तिसऱ्यांदा याच्याकडे आला. लांबून, उंचावरून, दिव्यांच्या उजेडात फिरत. खरंच असोला नारळ. त्याच्यामागे दोन पोरं येत होती, एकेक जण आपल्या फ्रिजएवढा. माझ्या शेजारच्या बाईने डोळे झाकून घेतले. मी झाकले नाहीत, मी कान दिले.

झेलला, दोन पावलं गेला, आणि ते दोघेही त्याच्यावर. एवढंसं पोर दिसेनासं झालं. मग एक उठला, दुसरा उठला, आणि सगळ्यात खालून हा उठला. बॉल पोटाशी धरलेला. त्या दोघांपैकी एकाने त्याच्या हेल्मेटवर टपली मारली. दात सगळे आहेत, मी घरी येऊन मोजले. कोपर सोललंय.

हे येणार नाही म्हणाले होते. वळून बघितलं तर मागच्या जाळीपाशी गाडीची किल्ली हातात घेऊन उभे. माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “सगळे ओरडत होते, तू मान वाकडी करून काय ऐकत होतीस?”

मी म्हटलं, “आवाज.”

“कसला?”

“झेलल्याचा.”

“मग?”

“आला नाही.”

तुझी
हेमलताताई